मतदानाचं वय सोळा: निदान ग्रामपंचायत-नगरपालिकेपुरतं तरी?

रानजाई (धागाकर्ती)

ब्रिटनच्या सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं की तिथे सार्वत्रिक निवडणुकीतही सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मत देता येईल अशी तरतूद करणार. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. ब्रिटन यात पहिलं नाही. ब्राझीलने १९८८ च्या राज्यघटनेतच सोळा वर्षांवरच्यांना मत दिलं. अठरापासून तिथे मतदान सक्तीचं, सोळा-सतराला ऐच्छिक. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये सोळा केलं, अर्जेंटिनाने २०१२ मध्ये, माल्टाने २०१८ मध्ये.

आपल्याकडे एकवीसचं अठरा झालं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, मार्च १९८९ पासून. त्यानंतर या विषयावर आपण फारसं बोललेलोच नाही.

लोकसभेला एकदम सोळा करा असं माझं म्हणणं नाही. सुरुवात गावापासून करावी. नळाला पाणी कधी येतं, शाळेच्या वाटेवरचे दिवे लागतात की नाही, मैदानावर कुणी अतिक्रमण केलंय, एसटी किती वाजता चुकते, हे अकरावीतल्या मुलीला घरातल्या कर्त्या पुरुषापेक्षा जास्त ठाऊक असतं. तिला मत का नको? मतं येऊ द्या. पक्ष बाजूला ठेवा ही विनंती.

बांधावरचा_भटक्या

एसटी ग्रामपंचायतीच्या हातात नसते ताई, पण ते असो.

साफ नको. सोळाव्या वर्षी गिअरची गाडी चालवायचं लायसन मिळत नाही. जमिनीच्या व्यवहारावर सही चालत नाही. नवीन डेटा कायद्यात अठरापर्यंत 'मूल' धरलंय, ॲपवर खातं उघडायला आईबापाची संमती लागणार. आणि रीलवरून मतं बनवणारं हेच मूल सरपंच निवडणार?

आमच्याकडे आधीच चौकाचौकात फ्लेक्स लागलेत. मधे दादांचा फोटो आणि खाली बारक्या चौकटींत पंधरा-सोळा वर्षांची पोरं, 'शुभेच्छुक' म्हणून. मत नाही तरी ही तऱ्हा आहे. मत मिळालं की दहीहंडीच्या टी-शर्टापासून क्लासच्या फीपर्यंत सगळं सुरू होईल. प्रचारात लहान मुलं वापरू नका असं निवडणूक आयोगाला फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावावं लागलं, ते उगाच नाही.

तात्या_सोलापूरकर

भटक्या, तुझा प्रतिसाद वाचून मला आमचे थोरले चुलते आठवले. १९८९ साली मी एकोणीस वर्षांचा होतो. 'कालची पोरं, मिशा फुटल्या नाहीत, ही दिल्ली चालवणार का', हे त्यांचं वाक्य पारावर दिवसातून चारदा व्हायचं.

नोव्हेंबर ८९ च्या लोकसभेला आम्ही पोरांनी पहिल्यांदा मत दिलं. कागदी मतपत्रिका, फुलीचा शिक्का. आदल्या रात्री चुलत्यांनीच आम्हाला वर्तमानपत्राच्या कागदावर घडी कशी घालायची ते शिकवलं, आणि शिक्का कुठं मारायचा तेही सांगितलं. घडी त्यांनी सांगितली तशी घातली. शिक्का ज्याने त्याने आपापल्या मनाने मारला. ही गंमत त्यांना शेवटपर्यंत कळली नाही.

आणि पोरं पुढाऱ्याच्या खिशात जातील म्हणता, तर बघा: ज्यांच्या सरकारने अठरा केलं त्या राजीव गांधींच्या पक्षाच्या जागा ८४ साली चारशेच्या वर होत्या, ८९ ला १९७ झाल्या. तरुणांमुळेच पडले असं मी म्हणत नाही, बोफोर्स होतं, बरंच काही होतं. पण मत दिलं म्हणून पोरं उपकार फेडायला आली नाहीत एवढं नक्की.

संपादक मंडळ

धाग्यात पक्ष यायला लागलेत. १९८९ पर्यंतचं चालेल. त्यापुढचं उडवलं जाईल.

थंडगार_एडिनबरा

स्कॉटलंडमधून लिहितोय. आमच्याकडे हा वाद २०१४ मध्येच झाला. स्वातंत्र्याच्या सार्वमतात सोळा वर्षांवरच्यांना मत होतं. नंतर झालेल्या निवडणूक आयोगाच्या पाहणीत सोळा-सतराच्या मुलांपैकी ७५ टक्क्यांनी मत दिल्याचं सांगितलं. १८ ते २४ वयोगटात तेच प्रमाण ५४ टक्के होतं. त्यानंतर स्कॉटिश संसदेला आणि स्थानिक निवडणुकांना सोळा कायम झालं. वेल्सनेही २०२१ पासून तिथल्या संसदेसाठी, म्हणजे सेनेडसाठी केलं.

आमचा थोरला २०२२ च्या कौन्सिल निवडणुकीला सोळाचा होता. पासपोर्ट भारताचा. पण राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक इथे कायदेशीर राहत असतील तर त्यांना मत असतं, म्हणून त्यालाही. नाव नोंदवायला तर चौदाव्या वर्षापासून चालतं. मतपत्रिकेवर फुली नाही, उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे, दोरीने बांधलेल्या पेन्सिलीने. पठ्ठ्याने आदल्या आठवड्यात सगळ्या उमेदवारांची पत्रकं फ्रिजवर लावून ठेवली होती आणि सायकलच्या मार्गिकेबद्दल कोण काय म्हणतंय यावर खुणा केल्या होत्या. मी आणि बायको कामावरून येता येता मत टाकून आलो, कुणाला तिसरी पसंती दिली ते आज विचारलं तर सांगता येणार नाही.

तेव्हा सांगलीतला त्याचा मावसभाऊ त्याच्याच वयाचा, त्याला अजून दोन वर्षं थांबायचं होतं.

बांधावरचा_भटक्या

एडिनबराची गोष्ट छान आहे. फ्रिजवर पत्रकं! आमच्याकडे पत्रक येत नाही, पाकीट येतं.

दादा, तुमच्या कौन्सिलच्या वॉर्डात किती हजार मतदार असतात? आमच्या प्रभागात सहाशे. निकाल सात-आठ मतांनी लागतो. कुठल्या घरात किती मतं, ती कुणाकडे, याची वही प्रत्येक पॅनेलकडे असते. मत गुप्त असतं हे पुस्तकात. मतमोजणीनंतर आकडा जुळला नाही की कोण फुटलं हे संध्याकाळपर्यंत भावकीला कळतं. अशा ठिकाणी सोळा वर्षांच्या पोराचं मत म्हणजे घराच्या गठ्ठ्यात एक जास्तीचं मत. आज चार मतांचं घर पाच मतांचं होईल, भाव वाढेल, बाकी काही नाही.

त्यामुळे धागाकर्तीचं 'गावापासून सुरुवात' मला उलटं वाटतं. द्यायचंच तर लोकसभेला द्या. तिथे लाखो मतांत कुणाचं कुणाला कळत नाही.

तात्या_सोलापूरकर

बायका नवरा सांगेल तिथेच शिक्का मारतात, हेही आम्ही पन्नास वर्षं ऐकलं. म्हणून त्यांचं मत काढून घ्यायचं का?

बाकी वहीचं मात्र खरं आहे. आमच्याकडेही आहे.

कलम_३२६

वकिली करतो म्हणून थोडं कायद्याचं, कारण धागाकर्तीच्या सूचनेत जो मुद्दा दडलाय तो अजून कुणी उचलला नाही.

अनुच्छेद ३२६ मधली अठरा वर्षांची अट लोकसभा आणि विधानसभेसाठी आहे. पंचायती आणि नगरपालिकांचे भाग, म्हणजे ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती, त्यात उमेदवाराचं किमान वय एकवीस यापुढे जाणार नाही असं बघितलंय. मतदाराच्या वयाचा आकडा तिथे दिलेला नाही. या निवडणुकांचा कायदा राज्य विधिमंडळ करतं. आपल्या राज्यात विधानसभेची यादीच प्रभागांत फोडून वापरतात, म्हणून तिथेही आपोआप अठरा.

याचा अर्थ, लोकसभेसाठी सोळा करायचं तर संसदेत दोन तृतीयांशाने घटनादुरुस्ती लागेल. ग्रामपंचायतीसाठी, माझ्या वाचनाप्रमाणे, मुंबईत बसलेलं विधिमंडळ कायदा बदलून करू शकतं. हे अगदी नवलाचंही नाही: ६१ व्या दुरुस्तीच्या विधेयकासोबतच्या उद्देश-कारणांच्या निवेदनातच लिहिलंय की काही राज्यांनी स्थानिक संस्थांसाठी अठरा वर्षं आधीच स्वीकारली होती. म्हणजे एकवीसचं अठरा झालं तेव्हाही वाट गावातूनच दिल्लीला गेली होती.

अडचण व्यवहाराची आहे. सोळा-सतराची वेगळी यादी राज्य निवडणूक आयोगाला स्वतः करावी लागेल, दुबार नावं तपासावी लागतील, आणि कुणीतरी न्यायालयात जाईलच.

भटक्या, वयांच्या तुझ्या यादीबद्दल: आपल्या कायद्यात एकच वय कुठेच नाही. महाराष्ट्रात दारूसाठी पंचवीस. मुलाच्या लग्नाला एकवीस. अग्निवीर व्हायला साडेसतरा. आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठराच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालवता येतो. शिक्षेपुरता सोळाव्या वर्षी प्रौढ, मतापुरता नाही. पुण्यात २०२४ च्या अपघातानंतर 'सतरा म्हणजे काय मूल आहे का' असं सगळा महाराष्ट्र विचारत होता, तेव्हा डेटा कायदा कुणाला आठवला नाही.

यादीवाली_बाई

मी प्राथमिक शिक्षिका, बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादीत नावं घालायचं काम केलं. सोळा की अठरा हा वाद ऐकून थोडं हसू येतं, कारण अठराचीच नावं यादीत नाहीत.

२०२४ च्या लोकसभेला देशभरात अठरा-एकोणीस वयाचे सुमारे १.८ कोटी मतदार यादीत होते. त्या वयाची लोकसंख्या जवळपास ४.९ कोटी धरतात. म्हणजे चाळीस टक्केसुद्धा नाहीत. सोयी कमी आहेत असंही नाही. पूर्वी एक जानेवारी ही एकच तारीख होती, डिसेंबर हुकला की वर्ष गेलं. आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज भरून ठेवता येतो. नमुना ६, फोटो, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा. मोबाइलवरून होतं.

तरी का नाही? दारात गेलं की आई म्हणते, "बाई, पोराचं घाला. पोरीचं राहू द्या, दोन वर्षांत लग्न होईल, तिकडंच लागंल नाव." आणि तिकडे गेल्यावर आडनाव बदललेलं आधार नाही, ते झालं तर रहिवासाचा पुरावा नाही, तोवर कडेवर मूल. तेवीस-चोवीसपर्यंत ती मुलगी कुठल्याच यादीत नसते. मुलगा असेल तर तो पुण्याला नाहीतर इचलकरंजीला. "सर्व्हर चालत नाही" म्हणून त्याचा अर्ज त्याने स्वतःच अर्धवट सोडलेला असतो.

माझं मत विचाराल तर वयाला हात लावू नका. बारावीच्या परीक्षेचा अर्ज जसा कॉलेज भरून घेतं तसा नमुना ६ भरून घ्या. सही मुलांची, काम कॉलेजचं. मग बोलू सोळाचं.

थंडगार_एडिनबरा

बाई, तुम्ही लिहिलंत त्यातच सोळाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे! पहिलं मत देण्यासाठी अठरा हे सगळ्यात गैरसोयीचं वय. तेव्हाच घर सुटतं: कॉलेज, नोकरी, लग्न. सोळाला मूल घरी असतं, शाळेत असतं, पत्ता पक्का असतो. ऑस्ट्रियात आणि इथे अभ्यासकांना हेच दिसलं: ज्यांचं पहिलं मत सोळा-सतराला पडलं ते पुढेही जास्त टिकून मतदान करतात. सवय घरातून लागते.

यादीवाली_बाई

मुद्दा पटण्यासारखा आहे, पण दहावीचा निकाल लागला की आमची निम्मी पोरं लातूर नाहीतर नांदेडला क्लासला जातात. आदिवासी भागातली तर पाचवीपासून आश्रमशाळेत. 'सोळाला मूल घरी' हे तुमच्या गावी, दादा.

अकरावी_सायन्स_त्रस्त

इथे सगळे आमच्याबद्दल बोलतायत म्हणून खातं काढलं. वय सतरा, मूळ गाव परभणी जिल्हा, सध्या मुक्काम लातूर, पत्ता: क्लासच्या मागच्या गल्लीतली कॉट.

२०२५ ला अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन केले. आधी फक्त मोठ्या शहरांत होते. निर्णय कुणासाठी, सोळा वर्षांच्यांसाठी. विचारलं कुणाला, कुणालाच नाही. आमच्या तालुक्यात दोनच कॉलेजं, तरी यादी, पसंतीक्रम, फेऱ्या. माझ्या मैत्रिणीला गावातलं कॉलेज सोडून बावीस किलोमीटरवरचं लागलं, घरचे म्हणाले मग राहू दे, पुढच्या फेरीत बघू. ती फेरी येईपर्यंत ऑगस्ट उजाडला.

पसंतीक्रम भरायला आम्ही मोठे. मत द्यायला लहान.

भटक्याकाका, रीलवरून आमची मतं बनतात हे खरंय. तुमची व्हॉट्सॲपवरून बनतात. आमच्या घरच्या ग्रुपवर जे फॉरवर्ड येतात ते खोटे आहेत हे शोधून सांगायचं काम घरात मीच करतो, आणि त्यावरून बोलणीही मीच खातो.

आणि मला सरपंच नाही निवडायचा खरं तर. मला नीटची परीक्षा कोण घेतं आणि पेपर कसा फुटतो यात बोलायचंय. ते ग्रामपंचायतीत होत नाही. त्यामुळे रानजाई मावशींच्या सूचनेचा मला काही उपयोग नाही, सॉरी.

रानजाई

सॉरी कशाला. उलट मावशी म्हटलंस ते लागलं.

कर्वेनगर_ते_डेक्कन

गावाचं चाललंय, शहराचं सांगते. माझा जन्म १९९९ चा, एप्रिलमधला. पुणे महापालिकेची निवडणूक झाली फेब्रुवारी २०१७ मध्ये, दोन महिन्यांनी हुकले. म्हटलं पाच वर्षांनी देऊ. २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, तारीख पे तारीख. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तेही लांबलं. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान. वयाच्या सव्विसाव्या वर्षी मी नगरसेवकासाठी पहिलं मत दिलं.

आणि आम्ही नशीबवान. नवी मुंबई आणि संभाजीनगरला आधीची निवडणूक एप्रिल २०१५ ची, कोल्हापूरला २०१५ च्या नोव्हेंबरची. तिथे २०१५ च्या शेवटी अठराचा झालेला माणूस पहिलं महापालिका मत देतो तेव्हा अठ्ठावीसचा असतो. कायद्यात वय अठरा. प्रत्यक्षात महाराष्ट्राने स्थानिक मतदानाचं वय अठ्ठावीस करून दाखवलं, तेही घटनादुरुस्ती न करता.

सोळा करा, चौदा करा. निवडणूकच घेतली नाही तर काय उपयोग?

कलम_३२६

हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर चिकटवून ठेवावा असा आहे. पाच वर्षांच्या आत निवडणूक झाली पाहिजे असं घटनेच्या अनुच्छेद २४३-ई आणि २४३-यू मध्ये स्पष्ट लिहिलंय. ते पाळलं नाही म्हणून कुणाला काही झालं नाही.

माजी_जीएस

आणखी एक. मत देण्याआधी ते मागायची, पडायची, पडून दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसायची सवय लागते ती कॉलेजात. महाराष्ट्रात थेट विद्यार्थी निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गेल्या. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता, मारामाऱ्या होत होत्या, लोक वैतागले होते हे मान्य. त्याजागी गुणवत्तेवर नेमणूक आली: ज्याला जास्त मार्क तो वर्गप्रतिनिधी. २०१६ च्या कायद्यात निवडणुका परत लिहिल्या, २०१९ मध्ये घ्यायचं ठरलं आणि पुढे ढकललं. दिल्लीत होतात.

म्हणजे तीस वर्षं आपल्या मुलांनी निवडणूक दोनच ठिकाणी बघितली: टीव्हीवर आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत. दुसरी जास्त हिंसक असते. दहावीच्या राज्यशास्त्रात 'निवडणूक प्रक्रिया' नावाचा धडा आहे, तो आठ दिवसांत पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि विषय कायमचा सुटतो.

जपानने २०१६ मध्ये वीसचं अठरा केलं. त्याच वर्षीच्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत अठरा-एकोणीसच्या मतदानाने पन्नाशीही गाठली नाही. कायद्यातला आकडा खाली आणणं सोपं आहे हो.

बांधावरचा_भटक्या

मी जीएस साहेबांच्या बाजूने. आधी कॉलेजच्या निवडणुका चालू करा, त्यात काय काय फुटतं बघू. अकरावीवाल्या भाच्यासारखी पोरं असतील तर मला सोळाची भीती नाही, पण वहीची आहेच. ती वही बंद करायचा उपाय या धाग्यावर कुणीच दिला नाही.

रानजाई

नाही दिला, आणि माझ्याकडेही नाही. पण वहीमुळे माझ्या सासूबाईंचं मत कुणी काढून घेत नाही, तर मुलीचं का अडवायचं? मी माझ्या मुद्द्यावर आहे: स्थानिक निवडणूक, सोळा, आणि ब्राझीलसारखं ऐच्छिक नाव नोंदवणं. त्यात यादीवाल्या बाईंचं कॉलेजमधून अर्ज भरून घेणं जोडा. मुलीचं नाव सोळाव्या वर्षी शाळेतूनच लागलं तर 'लग्नानंतर बघू' म्हणायला आई दारात नसेल.

वकील दादा, ग्रामसभेत असा ठराव मांडता येतो का? विधिमंडळाने कायदा बदलावा अशी शिफारस?

कलम_३२६

मांडता येतो. कुणावर बंधनकारक नाही, पण इतिवृत्तात येतो, आणि शंभरेक गावांनी केला तर आमदाराला उत्तर द्यावं लागतं. फक्त ज्यांच्यासाठी मांडताय ती मुलं ग्रामसभेची सदस्य नसतात, कारण सदस्य म्हणजे मतदार यादीतले. ती बसून ऐकतील, हात वर करू शकणार नाहीत. गणपूर्ती बघा: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते.

तात्या_सोलापूरकर

शंभर माणूस? आमच्याकडे झेंडावंदनाला एवढं येत नाही.

बांधावरचा_भटक्या

तहकूब सभेला कोरमची अट नाही, तात्या. आमच्या ग्रामपंचायतीचे सगळे ठराव तिथेच होतात. तिथे मांडा.